घरातला कारखाना मांडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात बसून वस्तू घडवणे सातारा-सांगलीला नवे नाही. मिरजेत सुमारे पावणेदोनशे वर्षे तानपुरे आणि सतारी तयार होत आहेत. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली आणि त्यातून सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. माणदेशात म्हसवडच्या बाजूला घराघरांत घोंगडीचे माग चालत. आज याच दोन जिल्ह्यांत कोणी गोधड्या शिवते, कोणी लाकडी खेळणी करते, कोणी रेझिनचे दागिने ओतते, कोणी कापड रंगवते. त्यासाठी घरात एक खोली किंवा कोपरा हवा असतो. तो मांडताना मात्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर पाहिलेली चित्रे असतात : पांढऱ्याशुभ्र भिंती, रंगीत बाटल्यांच्या रांगा, दिव्यांच्या माळा. पैसे तिकडे जातात आणि काम शेवटी जेवणाच्या टेबलावरच होते. म्हणून या विषयातले नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासू. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडेल : खोली कामावरून मांडायची असते, चित्रावरून नाही.

गैरसमज १ : स्वतंत्र, मोठी खोली असल्याशिवाय कारखाना होत नाही.

वस्तुस्थिती : जागेपेक्षा टप्पे महत्त्वाचे. मिरजेतल्या कित्येक कारागिरांचे काम राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, जमिनीवर बसून चालते. मांडीशी दांडी, हाताच्या अंतरावर पटाशी, कानस, रंधा आणि मागे भिंतीला टांगलेले भोपळे. बसून काम करणाऱ्याचा हात जिथवर पोचतो तेवढीच त्याची खरी जागा. घोंगडी विणणाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. खड्ड्याचा माग घरात असे, पण लांबलचक ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ लावायचे काम घराबाहेर, मोकळ्यावर होई. ज्या टप्प्याला जागा लागते तो बाहेर न्यायचा आणि ज्याला स्थिर बैठक लागते तो आत ठेवायचा.

म्हणून आधी कागदावर आपल्या कामाचे टप्पे लिहून काढा : कापणे, जोडणे, घासणे, रंगवणे, वाळवणे, बांधणे. बहुतेक घरांत असे दिसते की कापण्या-जोडण्याला सहा बाय आठ फूट पुरतात, घासणे गच्चीवर किंवा मागच्या अंगणात हलवता येते आणि वाळवायला उभी मांडणी चालते.

गैरसमज २ : उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही, म्हणून तीच निर्धोक.

वस्तुस्थिती : हा नियम युरोपातल्या चित्रकारांचा आहे. तिथे भरदुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, त्यामुळे उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो. सातारा मात्र साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सांगली त्याच्याही थोडी दक्षिणेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला भरदुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २१ जूनच्या सुमारास तो पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत शिरणारच. जूनमध्ये ढग ते अडवतात, पण त्यांच्यावर विसंबू नये.

तरीही वर्षाचा हिशेब केला तर उत्तरेची खिडकीच उत्तम. दुपारच्या उंच सूर्याला लहानसा छज्जा पुरतो आणि सकाळ-संध्याकाळच्या उन्हाला बाजूने एक पडदा किंवा उभी फळी. दक्षिणेच्या खिडकीचे उलटे असते. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून अवघ्या ४९ अंशांवर असल्याने ऊन थेट टेबलावर येते, डोळे दिपतात आणि रंग चुकीचे दिसतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खिडकी डाव्या बाजूला ठेवावी, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली कामावर पडत नाही.

रात्रीच्या कामाला दिव्याचे वॅट पाहणे पुरेसे नसते. खोक्यावर ‘सीआरआय’चा आकडा असतो. तो ९० किंवा त्याहून जास्त असेल तर रंग दिवसासारखे दिसतात. छताचा दिवा सगळ्या खोलीसाठी, पण सुईकाम किंवा कोरीवकामाला हातावर पडणारा वेगळा दिवा हवाच. बारीक कामाला ७५० ते १००० लक्स उजेड लागतो आणि घरातल्या नेहमीच्या एका ट्यूबमधून तो टेबलापर्यंत पोचत नाही.

गैरसमज ३ : दमटपणा कोकणात, घाटावर त्याची चिंता नको.

वस्तुस्थिती : एकट्या सातारा जिल्ह्यातच दोन टोके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात जेमतेम ५००. सांगलीतही शिराळा ओला आणि जत-आटपाडी कोरडे. त्यामुळे साऱ्या जिल्ह्याला लागू पडेल असा एक सल्ला देता येत नाही. आपल्या गावाची हवा पाहूनच खोली मांडावी लागते.

लाकडाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. लांबीत ते जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलते. एक फूट रुंदीची फळी एप्रिल ते ऑगस्ट दरम्यान दोन ते चार मिलिमीटर फुगू शकते. भर पावसाळ्यात घट्ट बसवलेला सांधा उन्हाळ्यात सैल होतो आणि उन्हाळ्यात घट्ट ठोकलेली फळी पावसाळ्यात बाक धरते. मिरजेचे कारागीर मुरलेले लाकूड धरून बसतात ते याचसाठी. तानपुऱ्याच्या दांडीत केसाएवढा बाक आला तरी सूर बिघडतो. भोपळ्यांचेही तसेच. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-बेगमपूर भागातून येणारे भोपळे वाळवून, साठवून मगच कामाला घेतले जातात.

घरच्या खोलीसाठी यातून घ्यायचे ते असे : कच्चा माल बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. भिंत आणि मांडणी यांत चार बोटांचे अंतर सोडा. दोरा, कागद आणि कापड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आणि ते जेल अधूनमधून तापवून कोरडे करा. लाखेचे पॉलिश भर पावसात करू नका. हवेतली ओल अडकून त्यावर पांढुरका थर येतो. साधा पांढरा गोंदही या दिवसांत वाळायला बराच वेळ घेतो, म्हणून जोडकाम करताना शिकंजा नेहमीपेक्षा जास्त वेळ आवळून ठेवा.

गैरसमज ४ : जड सामान खाली ठेवणे हेच शहाणपण.

वस्तुस्थिती : एरवी हे खरे आहे, पण कृष्णा-वारणेच्या काठी ते अर्धेच खरे. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ मध्ये पूर आला होता आणि पुन्हा २०२१ मध्येही आला. पूरपट्ट्यात तळमजल्यावर काम करणाऱ्याने सामानाचे तीन वर्ग करावेत : भिजले तरी चालेल असे, भिजले तर वाया जाईल असे, आणि परत मिळणारच नाही असे. तिसऱ्या वर्गात नमुने, साचे, मापांच्या वह्या आणि गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेली वस्तू येते. जूनपूर्वीच हे सामान वरच्या मजल्यावर न्यावे. यंत्रे चाकांच्या पाटावर ठेवली आणि विजेचे सॉकेट कमरेच्या वर घेतले तर सामान हलवायला एक तास पुरतो.

गैरसमज ५ : वास येत नाही, म्हणजे हवा चांगली आहे.

वस्तुस्थिती : सर्वांत घातक धूळ दिसतही नाही आणि तिला वासही नसतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. नाकावर बांधलेला रुमाल किंवा कापडी मुखपट्टी ती धूळ अडवत नाही, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो. झाडूने धूळ पुन्हा उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. रेझिन आणि थिनरसाठी बाहेर हवा फेकणारा पंखा एका भिंतीला आणि हवा आत येण्याची खिडकी समोरच्या भिंतीला असावी. दोन्ही शेजारी शेजारी असतील तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि खोलीतली घाण खोलीतच राहते. छताचा पंखा हवा फक्त ढवळतो.

आगीबद्दलही सांगायला हवे. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर तेल वाळताना उष्णता साठते आणि ते ठिणगीशिवाय पेटू शकते. असे फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. सहा अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३०० वॅटपर्यंतच भार घालावा. हीट गन अनेकदा दीड-दोन हजार वॅटची असते, तिला सोळा अँपिअरचे सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे.

गैरसमज ६ : भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज थांबतो.

वस्तुस्थिती : ट्रेमुळे खोलीतला घुमारा किंचित कमी होतो, पण शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. शिवाय कागदी ट्रे चटकन पेटतात. आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात : भरीव दार, दाराखालची पट्टी, यंत्राखाली रबर. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्या कामाला शांतता लागते का, हेही पाहावे. तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानसतो. त्या कामात कान हेच हत्यार असल्याने ग्राइंडर आणि जवारी एका वेळी, एका खोलीत चालू शकत नाहीत. खोली एकच असेल तर वेळा वाटून घ्याव्यात.

गैरसमज ७ : सजावट म्हणजे विकत आणून लावायच्या वस्तू.

वस्तुस्थिती : कामाच्या खोलीतली चांगली सजावट बहुतेक वेळा साठवणच असते. मिरजेच्या कारखान्यात टांगलेले भोपळे पाहणाऱ्याला सुंदर वाटतात, पण ते तिथे हवा लागावी आणि जमीन मोकळी राहावी म्हणून असतात. हत्यारे भिंतीवर टांगून प्रत्येकामागे त्याची बाह्यरेषा काढली तर भिंत देखणी होते आणि कोणते हत्यार जागेवर नाही ते एका नजरेत कळते.

भिंतीच्या रंगाचाही विचार करावा. गडद गुलाबी किंवा हिरव्या भिंतीवरून परावर्तित होणारा उजेड कामावर आपली छटा टाकतो, म्हणून रंगकाम करणाऱ्याने फिकट आणि उदासीन रंग निवडावा. हौसेचा रंग पाठीमागच्या भिंतीला द्यावा. आणि नैसर्गिक म्हणजे टिकाऊ असे समजू नये. सांगलीची हळद कितीही उत्तम असली तरी हळदीने रंगवलेले कापड उन्हात लवकर फिकट होते. आपले काम भिंतीवर लावायचे तर उन्हापासून दूर, अप्रत्यक्ष उजेडात लावा. चांगले काम कसे मांडतात ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधचे श्रीभवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेले तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभे केले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा संग्रह एका लहानशा संस्थानी गावात आहे. तिथे वस्तूंइतकेच लक्ष त्यांच्या मांडणीकडे आणि त्यांच्यावर पडणाऱ्या उजेडाकडेही द्यावे.

गैरसमज ८ : घरगुती कामाला कागदपत्रे लागत नाहीत, आणि मिरजेत बनवले की जीआयचा शिक्का आपोआप मिळतो.

वस्तुस्थिती : विकायला लागलात की नोंद करून ठेवलेली बरी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, कुंभार, शिंपी, खेळणी करणारे असे १८ व्यवसाय आहेत. पात्र कारागिराला प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय आधी एक लाख, मग दोन लाख असे पाच टक्के व्याजाचे कर्ज मिळू शकते. माणदेशात चेतना सिन्हा आणि तिथल्या बायांनी १९९७ मध्ये सुरू केलेली माणदेशी महिला सहकारी बँक अशाच लहान उद्योगांसाठी उभी आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. हे मानांकन त्या भागाचे आणि तिथल्या पद्धतीचे असते, एका माणसाचे नव्हे. ते वापरण्यासाठी कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत घरात करून पाहा आणि कुठे उठावे लागले, कुठे अंधार पडला, कुठे धूळ साचली, ते वहीत टिपा. मग पैसे या क्रमाने खर्च करा : उजेड, बैठक, हवा, वीज, साठवण. रंग आणि शोभेच्या वस्तू त्यानंतर. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, कारण या हवेत खोलीचे खरे दोष तेव्हाच कळतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत बसून मिरजेच्या कारागिरांनी देशभरातल्या गवयांना सूर पुरवला, तो अशाच साध्या, पण कामाला नेमक्या असलेल्या खोल्यांतून. तुमच्या खोलीची परीक्षा तिथे होणाऱ्या कामावरूनच करा.