अटॅकनंतरचा दुसरा इको

अँजिओप्लास्टी आटोपते, पेशंट आयसीयूत स्थिरावतो आणि नातेवाइकांच्या हाती टू-डी इकोचा रिपोर्ट पडतो. त्यातला एकच आकडा मग सगळ्यांच्या तोंडी होतो : पंपिंग ३५ टक्के. म्हणजे हृदय तेवढंच उरलं, असं समजून माणसं हादरतात.

तसं नसतं. निरोगी हृदयही सगळं रक्त बाहेर टाकत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरतं, एका ठोक्यात त्यातलं ७० च्या आसपास महाधमनीत जातं. ५५ ते ७० टक्के हेच उत्तम पंपिंग. ३५ काळजीचं खरंच. पण त्याची तुलना शंभराशी नव्हे, साठाशी करायची.

पडद्यावर डॉक्टरांना या आकड्यापलीकडचंही पुष्कळ दिसतं. जेल लावून प्रोब बरगड्यांच्या फटीत टेकवला, की हृदयाच्या भिंती हलताना दिसू लागतात. चांगली भिंत प्रत्येक ठोक्याला आत येते आणि जाडही होते. रक्तपुरवठा तुटलेली भिंत जागची हलत नाही, कधी उलट बाहेर फुगते. हृदयाच्या टोकाशी गुठळी झाली असेल, तर तीही सापडते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, म्हणून रक्त पातळ करणारं औषध लगेच सुरू करतात. कप्पा ताणून मोठा झाला असेल किंवा मायट्रल झडप गळत असेल, तर पुढचा धोका वाढतो.

मात्र न हलणारी भिंत मेलेलीच असते असं नाही. रक्त पुन्हा मिळू लागल्यावरही स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे बधिर राहतो आणि मग कामाला लागतो, हे युजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ मध्ये मांडलं. पहिल्या इकोवरून भविष्य ठरवणं घाईचं आहे, ते यामुळे.

आयसीडी, म्हणजे हृदयाची लय बिघडल्यास आतून शॉक देणारं यंत्र, बसवताना बधिर आणि मेलेल्या स्नायूतला हा फरक फार मोलाचा ठरतो. जुना अटॅक आणि ३० टक्क्यांपर्यंत पंपिंग असलेल्यांमध्ये या यंत्रामुळे मृत्यू १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आले, असं २००२ च्या ‘मॅडिट-२’ अभ्यासात दिसलं. दोन वर्षांनी आलेल्या ‘डिनामिट’मध्ये तेच यंत्र अटॅकनंतर ४० दिवसांच्या आत बसवलं, तेव्हा एकूण मृत्यू घटले नाहीत. त्यामुळे आता निदान ४० दिवस, आणि स्टेंट टाकला असेल तर साधारण तीन महिने, औषधं देऊन मग पुन्हा इको करतात.

तोवर पेशंट हिंडूफिरू लागलेला असतो आणि नेमका हाच इको राहून जाऊ शकतो. डिस्चार्ज कार्डावर त्याची तारीख नसेल, तर घरच्यांनी ती डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी.