माळ्यावरचा कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. याच शहरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्याची ही आठवण. आनंदराव आणि बाबूराव यांनी सुरुवात केली ती मुंबईहून आणलेल्या एका प्रोजेक्टरपासून. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांची रचना बरीच सारखी. दोन्हींत फिल्म थांबत थांबत पुढे सरकते. एकात प्रकाश आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने काम चालू ठेवले आणि १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण झाला. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला.

यंत्राला हात घालण्याआधी ते काय काम करते हे समजून घ्यावे, हा यातला धडा. तो आम्ही मात्र चुकून शिकलो.

आमच्या माळ्यावर वडिलांचा घडीचा कॅमेरा पडून होता. पुढे ७५ मिलिमीटरचे भिंग, मध्ये काळा भाता, मागे १२० फिल्मची जागा. शटर अडकत होते, म्हणून आम्ही त्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. दोन दिवस ते चालले, मग पूर्वीपेक्षा घट्ट बसले! शटरची पाती अतिशय पातळ असतात आणि एकमेकांवरून कोरडीच सरकावी लागतात. मध्ये तेल गेले की ती दोन ओल्या काचांसारखी चिकटतात. आम्ही निदानाआधी औषध दिले होते.

मग निदान कसे करायचे? कॅमेऱ्याची कामे तीनच: आत अंधार राखणे, ठरलेला वेळ प्रकाश आत सोडणे आणि प्रतिमा बरोबर फिल्मवर पाडणे. तिन्हींची परीक्षा फिल्म न घालता आणि एकही स्क्रू न काढता करता येते.

पहिली परीक्षा अंधाराची. रात्री खोलीतले दिवे घालवा, कॅमेऱ्याचे मागचे दार उघडून भात्यात छोटी बॅटरी धरा आणि बाहेरून पाहा. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या चमकल्या, तर तेथे छिद्रे आहेत. पातळ काळ्या कापडाचा तुकडा डिंकाने चिकटवला की काम भागते. तुकडा जाड असला तर भाता मिटत नाही.

दुसरी परीक्षा वेळेची. कॅमेऱ्यामागे दिवा ठेवा आणि समोरून मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे संथगती चित्रण करा. मग एकेक चौकट पुढे सरकवत, किती चौकटींत उजेड दिसतो ते मोजा. १ सेकंदाला २४०, अर्ध्या सेकंदाला १२० आणि १/३० सेकंदाला ८ चौकटी हव्यात. १/१२५ ला जेमतेम दोनच येतात. तेथे एका चौकटीची चूकही मोठी ठरते, म्हणून ही पद्धत तेथे वापरू नये. मापनाची मर्यादा विद्यार्थ्यांना दाखवायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी परीक्षा प्रतिमेची. शटर 'बी' खुणेवर उघडे धरा आणि फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून बसवा. भिंग अनंतावर लावून दूरचा जोतिबाचा डोंगर पाहा. उलटी प्रतिमा स्पष्ट दिसली पाहिजे. वस्तू २ मीटरवर असेल तर भिंगाच्या सूत्राने प्रतिमा सुमारे ७८ मिलिमीटरवर येते. म्हणजे अनंतापासून २ मीटरपर्यंतचा सारा खेळ ३ मिलिमीटरांचा! भिंग काढून परत बसवताना एक आटा जरी चुकला, तरी सगळी चित्रे पुसट येतील. म्हणून भिंग काढण्यापूर्वी त्याच्या जागेची खूण करून ठेवावी.

आमच्या कॅमेऱ्यात भाता आणि भिंग ठीक होते. वेळेच्या परीक्षेत मात्र १ सेकंदाला जवळजवळ दोन सेकंद लागत होते. संथ वेग घड्याळासारख्या दातेरी चाकांवर चालतात आणि त्यांतले वंगण वर्षानुवर्षे हवेत राहून घट्ट होते. पात्यांवरचे तेल आम्ही एका जाणत्या कारागिराकडून काढून घेतले. चाकांना मात्र हात लावला नाही. वेग दरवेळी तेवढाच मंद असेल, तर तो माहीत असणे पुरेसे आहे. प्रत्येक वेगाचा खरा वेळ लिहून तो तक्ता आम्ही कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवला. प्रयोगशाळेतल्या जुन्या तराजूलाही आपण असेच वागवतो.

दोन सूचना. अंगभूत फ्लॅशचा कॅमेरा कधीही उघडू नये. त्यातला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित होतो आणि सेल काढल्यावरही जबर झटका देतो. दुसरी गोष्ट, कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत ठेवू नये. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि तिच्या आम्लांनी काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावा.

आता विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. हिवाळ्यात पहाटे आणि मग भर दुपारी तेच शटर १ सेकंदाच्या वेगावर मोजा. चौकटींची संख्या सारखी येते का? येत नसेल तर कोणत्या वेळी जास्त येते, आणि का?