पंधरा तासांचा हिशेब

मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते. वाङ्मय मंडळाच्या मुलांनी "मॅडम, अंकासाठी तुमच्या विषयातलं काहीतरी लिहा की" असा आग्रह धरला, तेव्हा ताळेबंदावरचा लेख कोण वाचणार, असंच मनात आलं. मग वाटलं, माझ्याच घरात वर्षभर न जुळलेला एक हिशेब आहे, तोच मांडावा. हिशेब पैशांचा नाही, वेळेचा आहे. आणि चूक माझी होती.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार गाणं. मंगळवार, गुरुवार, शनिवार बॅडमिंटन. रविवारी सकाळी अबॅकस. कागदावर हे वेळापत्रक फार नीटनेटकं दिसायचं. एकही क्लास दुसऱ्यावर येत नव्हता. मी ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतही होते.

एका बुधवारी कॉलेजातून लवकर सुटले. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपलीकडे तिचा गाण्याचा क्लास. म्हटलं, आज आपणच आणायला जाऊया. गेट पडलेलं होतं, ते उघडून पलीकडे गेले तर क्लासच्या गल्लीतल्या देवळाच्या पायरीवर मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. क्लास सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

"इथे काय करतेस ग?"

आधी बोलेना. मग म्हणाली, "आई, बाई रोज विचारतात, सराव केलीस काय म्हणून. मी केलेला नसतोय. सगळ्यांसमोर काय सांगू?"

"मग करायचा की सराव."

"कधी करू?"

या दोन शब्दांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री मुलं झोपल्यावर वही काढली आणि जे काम विद्यार्थ्यांकडून रोज करून घेते, ते स्वतः केलं.

आधी जमेची बाजू. शाळेतून ती साडेचारला घरी येते आणि साडेनऊला झोपायला हवी. मधले पाच तास. त्यातून हातपाय धुणं, खाणं, जेवण, जरा टेकणं यांचा दीड तास गेला. गृहपाठाचा दीड तास गेला. त्यात आपल्याकडच्या मुलांना इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांचा अभ्यास असतो, म्हणून हा दीड तास काही जास्त नाही. उरले दोन तास. पाच दिवसांचे दहा. शनिवार-रविवारचे, पाहुणे आणि घरची कामं सोडून, फार तर पाच. एकूण जमा पंधरा तास.

आता खर्च. गाण्याचे तीन तास मी नेहमीच मोजत होते. पण जाणं-येणं, गेटपाशी थांबणं, आधीची बॅच सुटेपर्यंत बाहेर उभं राहणं, यात दर खेपेला चाळीस मिनिटं जात होती. म्हणजे आठवड्याला आणखी दोन तास. शिवाय रोज अर्धा तास सराव धरला, तर सहा दिवसांचे तीन तास. गाणं तीन तासांचं नव्हतंच, आठ तासांचं होतं. बॅडमिंटनचे जाण्यायेण्यासकट पाच तास. अबॅकसचा क्लास दोन तासांचा, वाट चाळीस मिनिटांची, आणि घरी रोज वीस मिनिटांची गणितं धरून आणखी दोन तास. एकूण खर्च सतरा तास चाळीस मिनिटं.

जमा पंधरा, खर्च पावणेअठराच्या आसपास. तूट पावणेतीन तासांची. आणि सरावाचे तास किती? तीन. म्हणजे पैसे घेऊन शिकवणारे वाट बघतात म्हणून क्लास कधी चुकला नाही, शाळेत शिक्षा होते म्हणून गृहपाठ चुकला नाही. ज्याची वाट कुणी बघत नव्हतं तो सराव तेवढा बुडाला. मुलगी आळशी नव्हती. आईनं खर्चाची अर्धी बाजू लिहिलीच नव्हती.

ही तूट कधी कधी झोपेतूनही भरून निघते, आणि ते जास्त वाईट. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. साडेदहाला झोपून साडेसहाला उठणारं मूल आठच तास झोपतं. मग चिडचिड होते आणि आपण म्हणतो, "हल्ली फार उद्धट झालीय."

तेव्हापासून कुणी सल्ला विचारला, तर मी काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, क्लासची जात ओळखा. गाणं, तबला, हार्मोनियम, भरतनाट्यम, कथक हे घरी रोज वेळ मागतात. क्लासमध्ये फक्त दिशा मिळते, शिकणं घरीच होतं. पोहणं, स्केटिंग, चित्रकला, लहान वयातलं बॅडमिंटन हे बरंचसं क्लासमध्येच संपतं. अबॅकस दिसायला दुसऱ्या जातीचं, पण घरची गणितं धरली तर पहिल्या जातीचं. रोज सराव मागणाऱ्या दोन गोष्टी एका मुलाच्या शाळेच्या वर्षात मावत नाहीत. एक तशी आणि एक अंगमेहनतीची, एवढं पुरे.

दुसरी गोष्ट, "तुला हे आवडतं काय?" असं विचारू नका. मूल आपला चेहरा बघून हो म्हणतं. त्यापेक्षा बघा, क्लास नसताना ते आपणहून काय करतं? माझी मुलगी भांडी लावताना गुणगुणायची. अबॅकसची पाटी मात्र क्लासशिवाय तिनं कधी बाहेर काढली नाही. उत्तर घरातच होतं.

तिसरी गोष्ट, आठवड्याबरोबर वर्षही बघा. आपल्याकडे जूनला शाळा सुरू होते तीच पावसात. बेळगावच्या पावसात मैदानावरचा क्लास जूनला सुरू करून निम्मी फी पाण्यात घालण्यापेक्षा तो दसऱ्यानंतर लावलेला बरा. राज्य मंडळाच्या शाळांत वर्षाला चार एफए आणि दोन एसए असतात. त्या आठवड्यांत क्लास अर्ध्यावर येणार, हे आधीच धरून चाला. त्यात गणपती आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीही आल्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. एक सत्र सोडलं तर सहा महिन्यांनी पुढचं येतंच. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद या पायऱ्या आहेत, शर्यत नाही. शेजारच्या मुलीनं फॉर्म भरला म्हणून आपण भरायचा नाही.

चौथी गोष्ट, सोडायचा दिवस आधीच ठरवा. नवीन क्लासला आधी महिनाभर पाठवा. जमलं तर वर्षाची फी. एकदा ठरलं की दसऱ्यापर्यंत किंवा परीक्षेपर्यंत निभवायचं, कंटाळा आला तरी. पण ती तारीख आली की मोकळेपणानं बोलायचं. रागाच्या भरात मधेच बंद केला, तर मूल "मला जमलं नाही" एवढंच शिकतं. ठरवून सोडला, तर निवड करायला शिकतं. आणि सोडताना गुपचूप नाहीसं व्हायचं नाही. मुलाला घेऊन जायचं, शिकवणाऱ्यांना नमस्कार करायचा, सांगून यायचं.

पाचवी गोष्ट सगळ्यांत अवघड. कुणाची हौस, ते स्वतःला विचारा. मला लहानपणी गाणं शिकायचं होतं, जमलं नाही. अबॅकस तर मी जाऊबाईंच्या मुलाचं प्रमाणपत्र बघून लावलं होतं. वहीत हे लिहायला कुठला रकाना नसतो, पण सगळ्यात मोठा खर्च तिथेच पडतो.

आम्ही अबॅकस बंद केलं. खर्च तेरा तासांवर आला, दोन तास शिल्लक राहिले. सासूबाई म्हणाल्या, "रिकामं पोर काय करतंय?" पहिले दोन आठवडे ती खरंच काही करत नव्हती, गॅलरीत उभी राहून गाड्या मोजायची. मला ते बघवत नव्हतं, तरी गप्प राहिले. मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातल्या 31 व्या कलमात लिहिलेला आहे. भारतानं तो करार 1992 मध्ये स्वीकारला. माझ्या घरात तो जरा उशिरा पोचला, इतकंच.

गाण्याच्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. नोव्हेंबरचा फॉर्म भरायचा नाही, एप्रिलला बघू, म्हणाल्या. आता ती संध्याकाळी सातला बसते. कधी अर्धा तास, कधी वीस मिनिटं. कधी नाहीच बसत. पण देवळाच्या पायरीवर पुन्हा बसली नाही.

शेवटी माझ्या विद्यार्थ्यांना एक सांगायचंय. तुमच्यातले कितीतरी जण संध्याकाळी लहान मुलांना चित्रकला, डान्स, गाणं शिकवून स्वतःची फी भरतात, मला माहीत आहे. समोर मान खाली घालून मूल बसलं, तर "सराव केलास काय?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "बाळा, तुला घरी वेळ कधी मिळतो?" उत्तर आलं नाही, तर त्याच्या आईला एकदा बोलवून घ्या. येताना वही आणायला सांगा.