ऑफिस हलवायचा दिवस

सकाळी ६:४५
चाकणजवळच्या या गोदामाच्या साइटवर आमचं ऑफिस म्हणजे २० फुटी तीन डबे. दोन पोर्टा केबिन आणि एक जहाजावरून निवृत्त झालेला कंटेनर. ते उभे आहेत तिथून आता ट्रकचा रस्ता जाणार. पाऊस आठवड्यावर आलाय, म्हणून आजच उचलायचे. कपाटांना रात्रीच दोरी बांधली. प्रिंटर माझ्या गाडीत, सीटबेल्ट लावून.

७:३०
हजेरी, टूलबॉक्स टॉक. उचललेल्या केबिनखाली कुणी जायचं नाही, एवढंच तीनदा सांगितलं.

८:००
नव्या जागेवर प्रत्येक डब्याला काँक्रीटचे सहा ठोकळे, जमिनीपासून फूटभर वर. मुकादम मामा पाण्याची नळी धरून लेव्हल बघत होते. एक ठोकळा बारा मिलिमीटर खाली निघाला.
"पॅकिंग टाकून भागेल की, मामा."
"टाकतो. पण नीट बसवून टाकतो. दार लागत नाही म्हणून मग मला बोलवायचं नाही, मॅडम."
बरोबर बोलले. मागच्या साइटवर एक कोपरा खचला, चौकट गुण्यातून गेली आणि सहा महिने आम्ही दार खांद्यानं ढकलत होतो. पुरवठादार म्हणायचा, पावसानं दार फुगलंय. दार पत्र्याचं होतं! तयार ऑफिस ट्रेलरवरून येतं हे खरं, पण त्याखालची जमीन तयार होऊन येत नाही.

९:४०
वीज तोडली. एसी बंद झाल्याबरोबर पाच मिनिटांत सगळे बाहेर.

१०:१५
हायड्रा क्रेन आली. पहिली केबिन दोन-अडीच टनांची, चारही कोपऱ्यांच्या हुकांना बेल्ट, दोन्ही टोकांना दोर धरून माणसं. वर गेल्याबरोबर आत काहीतरी गडगडलं. टेबलाचा खण, त्याला दोरी बांधायची राहिली होती.
मग पायरी हलवली. तिच्या एका पायाखाली टेकू म्हणून काँक्रीटचा क्यूब. दीडशे मिलिमीटरचा, वर रंगानं लिहिलेली तारीख अजून वाचता येत होती. २८ दिवसांच्या चाचणीला तीनपैकी एक क्यूब सापडेना म्हणून मी कन्सल्टंटचं ऐकून घेतलं होतं, तो हा! कुणी लावला, कुणालाच आठवेना.

१२:३०
कंटेनर. त्याच्या दारावर अजून जुनी पट्टी आहे: कमाल एकूण वजन ३०,४८० किलो. आता आत दोन टेबलं, एक कूलर आणि आम्ही. खिडकीसाठी पन्हळी पत्रा कापला तिथे चौकोनी पाइपाची चौकट वेल्ड केलीय, कारण त्या पन्हळीतच भिंतीचं बळ असतं. आतून इन्सुलेशन नाही, त्यामुळे मे महिन्यात इथे कुणी मीटिंग लांबवत नाही.

२:००
झाडाखाली डबे उघडले, जेवणाचे.

४:००
आधी अर्थिंगची पट्टी, मग वीज. लोखंडी खोलीत हा क्रम उलटा चालत नाही. इलेक्ट्रिशियननं आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून ट्रिप होतो का ते दाखवलं.

५:३०
मामांनी दार एका बोटानं लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. काही बोलले नाहीत. मग पायरी ठेवली. ती एका बाजूला डुगडुगली. मामांची नजर क्यूबवर गेली.
मी तो उचलून टेबलावर नेऊन ठेवला.