वाशिष्ठी : एका खाडीच्या विखुरलेल्या लढाया

वाशिष्ठी नदीचा मागोवा १९६२पासून घ्यायला हवा. त्या साली पोफळीचं वीजगृह सुरू झालं आणि घाटावरच्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून कोकणात उतरू लागलं. पुढे कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. जनित्रं फिरवून झालेलं हे अवजल कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. एरवी कोकणातली नदी होळीनंतर डबक्यांत तुटते, ही मात्र ऐन मे महिन्यातही वाहते. चिपळूणची तहान तिच्यावर, लोट्याचे कारखानेही तिच्यावर. पाणी वळवायचा निर्णय कृष्णेच्या खोऱ्याचा विचार करून झाला. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळच्या खाडीला त्यात कुणी पक्षकार मानलं नव्हतं.

कोकणातल्या नद्यांना गोदावरीसारखा त्रिभुज प्रदेश नाही. सह्याद्रीचा कडा उतरल्यावर समुद्र इतका जवळ असतो की पसरायला जागाच उरत नाही. त्यांची सारी सुपीकता खाडीत साठते: कांदळवनात, गाळाच्या बेटांत, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर. बोय, तांबोशी, चिंबोऱ्या, कालवं यांवर भोई समाजाच्या पिढ्या जगल्या. चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत गलबतं येत. त्या बंदरात आज काय उरलं आहे ते पाहिलं की गाळ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला मोठा घाव लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचा. रसायनांचे कारखाने आले, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालं आणि त्याची पाईपलाईन करंबवण्याजवळ खाडीत सोडली गेली. मग मेलेल्या माशांचे थर तरंगू लागले. भोई मंडळी मासे पाट्यांत भरून अधिकाऱ्यांच्या दारात नेऊ लागली, पंचनामे होऊ लागले, नमुने प्रयोगशाळेत जाऊ लागले. भरती-ओहोटीच्या पाण्याचा नमुना दुसऱ्या दिवशी घेऊन काय हाती लागणार, हे ज्याने एकदा पाग टाकला आहे त्याला कळतं. कागदाला कळत नाही.

या तक्रारींना वजन आलं ते माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटामुळे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे केंद्राने त्यांच्याकडे खास सोपवले होते. २०११च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात लोट्याचं वर्णन आहे, आणि एक हिशेबही: वसाहतीने सुमारे ११ हजारांना रोजगार दिला, तर खाडीच्या प्रदूषणाने सुमारे २० हजार मच्छीमारांचा रोजगार गेला. आणखी एक नोंद मला त्याहून महत्त्वाची वाटते. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात तब्बल १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते. म्हणजे नदीबद्दल बोलायला पाच माणसं जमली, तर तोच गुन्हा. अहवाल केंद्राने महिनोन्‌महिने दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई झाली तेव्हा तो २०१२मध्ये लोकांसमोर आला. त्याचा फेरविचार करायला लगोलग कस्तुरीरंगन समिती नेमली गेली. या दोन जिल्ह्यांतल्या नव्या उद्योगांवर २०१०मध्ये घातलेली स्थगिती २०१३मध्ये उठली.

खाडीच्या मुखाशी, अंजनवेल-वेलदूरला, एन्रॉनच्या वीजप्रकल्पाविरुद्धची लढाई त्याआधीच होऊन गेली होती. १९९७च्या जूनमध्ये पोलीस पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले आणि बायकांनाही धरून नेलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९च्या अहवालात त्याची नोंद आहे. प्रकल्प २००१मध्ये बंद पडला, पण कंपनीच्या भांडणातून. वेलदूरच्या बायकांना त्याचं श्रेय कुणी दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर देता येतही नाही.

तोवरच्या लढाया खाडीकाठच्या; २२ जुलै २०२१ला मात्र अख्खं चिपळूण पाण्याखाली गेलं. बाजारपेठ बुडाली, वीज गेल्याने कोविड रुग्णालयातले रुग्ण दगावले. २००५च्या पुरात ग्रंथ गमावलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथ पुन्हा भिजले. कोळकेवाडीचं पाणी त्या रात्री किती आणि कधी सुटलं यावर गावात अजून वाद होतो. पण त्या पुराने एक गोष्ट घडवली: आंदोलनाच्या वाटेला कधी न गेलेले दुकानदार, डॉक्टर, वकील नदीविषयी बोलू लागले. चिपळूण बचाव समिती उभी राहिली. डिसेंबर २०२१मध्ये सुरू झालेलं साखळी उपोषण आठवडेच्या आठवडे चाललं. मागण्यांचा भर दोन गोष्टींवर होता: वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, आणि शहराच्या मोठ्या भागात बांधकाम गोठवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांचा फेरविचार करा. सरकार हललं. यंत्रं पात्रात उतरली, नाना पाटेकर-मकरंद अनासपुरे यांच्या नाम फाउंडेशननेही हात लावला. कोकणात लोकांच्या रेट्याने जलसंपदा खात्याला इतक्या लवकर कामाला लावल्याची उदाहरणं कमीच.

तरीही या यशाकडे मी थोडं साशंकपणे पाहतो. गाळ हा वरच्या बोडक्या डोंगरांचा आणि खालच्या भरतीचा मामला आहे. शहरापुरतं पात्र खोल केलं आणि खाली खाडीचा गळा तसाच ठेवला, तर उधाणाच्या दिवशी पाणी कुठे जाईल? पूररेषेचंही तसंच. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ती नकाशावर सरकवली म्हणून नदी सरकत नाही. बाजारपेठेचं नुकसान झालेल्या माणसाला हे ऐकवणं मात्र सोपं नाही.

आणि अवजल? ते मुंबईला न्यायच्या योजना अधूनमधून डोकं वर काढतात. विरोध होतो तो ‘कोकणचं पाणी कोकणाला’ म्हणून, आणि त्या ‘कोकणा’त शेती येते, नळपाणी योजना येतात, कारखानेही येतात. पण साठ वर्षं याच पाण्याने खाडीतला खारेपणा खाली रेटून धरला आहे. ते कमी झालं तर खारं पाणी वर सरकेल आणि कारखान्यांचं सांडपाणी पातळ करणारा प्रवाहही आटेल. हा मुद्दा मांडायचा तर चिपळूणच्या दुकानदाराला भोईवाडा आणि भोईवाड्याला दुकानदार लागतो. उपोषणाच्या मंडपात गाळाच्या शेजारी करंबवण्याची पाईपलाईनही मागणीपत्रात असती, तर खाडीकाठची किती माणसं तिथे येऊन बसली असती?