नायिकेचा चेहरा, अभिनेत्रीचे काम

चित्रपटातील देखणेपण जितके नटीच्या चेहऱ्यावर अवलंबून असते, तितकेच ते तिच्यावर टाकलेल्या प्रकाशावर आणि कॅमेऱ्यात भरलेल्या फिल्मवरही अवलंबून असते. मूकपटांच्या काळात प्रामुख्याने ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरली जाई; निळा व हिरवा प्रकाश टिपणारी ही फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी असल्यामुळे त्वचेतील लालसर छटा पडद्यावर काळपट दिसत आणि म्हणून नटनट्यांच्या चेहऱ्यांवर फिक्या रंगाचे जाड लेप चढवले जात. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळू लागली, लेपाची तांत्रिक गरज उरली नाही, गोरेपणाचा आग्रह मात्र तसाच राहिला. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला तेव्हा गाणे नटीने स्वतःच म्हणायचे असल्याने गळ्याचीही गणना रूपात होऊ लागली. पुढे पार्श्वगायन, म्हणजे दुसऱ्याच्या आवाजात मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवण्याची पद्धत, रूढ झाल्यावर चेहरा आणि आवाज यांची पुन्हा फारकत झाली. सुंदर कोणाला म्हणायचे हे असे धंद्याच्या सोयीने ठरत आणि बदलत गेले, आणि त्या बदलांतून टिकून राहण्यासाठी अभिनेत्रीला रूपाखेरीज आणखी काहीतरी कमवावे लागले.

लीला चिटणीस यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. पदवीधर, ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या रंगभूमीवर काम केलेल्या या अभिनेत्रीने बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत अशोककुमार यांच्यासमोर नायिका रंगवली, आणि लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय चित्रतारका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, ‘शहीद’मध्ये (१९४८), त्या दिलीपकुमार यांची आई झाल्या आणि ‘आवारा’मध्ये (१९५१) राज कपूर यांची. याच सुमारास, १९४९ च्या ‘महल’मध्ये, अशोककुमार मात्र सोळा वर्षांच्या मधुबालासमोर नायक म्हणून उभे होते. पडद्यावर नायकाचे वय थांबवून धरता येते आणि नायिकेचे भराभर पुढे ढकलले जाते, हा हिशेब आजही पुरता मोडलेला नाही. लीलाबाईंनी आईच्या भूमिका केवळ पत्करल्या नाहीत, तर पडद्यावरची सोशिक माता कशी दिसावी, कशी थकावी आणि तिने मुलाकडे कसे पाहावे याचा एक साचाच त्यांनी घडवला, जो पुढे कित्येक वर्षे गिरवला गेला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘चंदेरी दुनियेत’ असे नाव दिले.

रूपामागच्या स्वत्वाचा प्रश्न सर्वांत टोकदारपणे उभा राहतो तो अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या बाबतीत. जन्माचे नाव रतन साळगावकर. पडद्यावरचे नाव वेगळे. ‘संत सखू’मध्ये (१९४१) भक्तीत बुडालेली सून आणि ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये (१९४७) तमाशातली बया, असे दोन टोकांचे स्त्रीरूप प्रेक्षकांनी एकाच चेहऱ्यावर मान्य केले. त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले, त्याचे नावही त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले, ‘सांगत्ये ऐका’. हे शब्दांकन आहे, म्हणजे त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी ते लिहून काढले, आणि बोलण्याचा तो बाज पुस्तकात टिकून आहे. मद्यपान, फसलेला संसार, मराठवाड्यातील एका घरात कोंडून घातल्यासारखे काढलेले दिवस हे सारे त्या सांगतात. पण स्वतःची वकिली करीत नाहीत आणि वाचकाकडे दयेची याचनाही करीत नाहीत. मराठी आत्मचरित्रांत असा निःसंकोच स्वर दुर्मीळच म्हणावा लागेल. पुस्तकानंतर वर्षभरात, १९७१ मध्ये, त्यांचे निधन झाले. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावर आधारलेला ‘भूमिका’ (१९७७) काढला तेव्हा मध्यवर्ती भूमिका स्मिता पाटील यांना दिली. स्मिता पाटील यांचा सावळा वर्ण रूढ नायिकेच्या कल्पनेत बसणारा नव्हता, आणि तरीही नटव्या गाण्यांतली तारका व घरात त्रासलेली बाई या दोन्ही अवस्था त्यांनी इतक्या सहज वठवल्या, की त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

रूपच हातचे गेल्यावर कलेच्या बळावर उभे राहणे म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र ललिता पवार यांचे आहे. १९१६ मध्ये येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून या व्यवसायात होत्या, नायिका म्हणून त्यांचा जम बसला होता आणि टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ (१९३८) हा चित्रपट काढण्याइतकी धडाडीही त्यांच्यात होती. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांनी प्रसंगाप्रमाणे मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि दीर्घ उपचारांनंतरही तो डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. ‘रामशास्त्री’मध्ये (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या, ‘दहेज’मध्ये (१९५०) छळणारी सासू. क्लोजअपमध्ये, म्हणजे केवळ चेहऱ्याने पडदा भरून टाकणाऱ्या जवळच्या दृश्यात, लपवता न येणारे ते वैगुण्य त्यांनी झाकण्याऐवजी वापरायला घेतले. किंचित मान तिरकी करून बारीक डोळ्याने समोरच्याला न्याहाळायचे, क्षणभर थांबायचे आणि मग ठसक्यात शब्द टाकायचा. संशय, कावा आणि हुकमत यांसाठी त्यांना वेगळा आविर्भाव करावाच लागत नसे.

ही केवळ खाष्ट सासूची लकब नव्हती, हे हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ने (१९५९) दाखवून दिले. त्यातील मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण भाडेकरू तरुणावर सतत डाफरते, पण तिच्या डाफरण्याखालची माया प्रेक्षकाला त्याच बारीक डोळ्यात दिसू लागते. एकाच खुणेचा अर्थ उलटवून दाखवणे ही अभिनयातली अवघड गोष्ट त्यांनी कसलाही गाजावाजा न करता साधली. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि पुढे १९६१ मध्ये त्या संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराच्याही मानकरी ठरल्या. ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळेवाली आणि ‘आनंद’मधली (१९७१) कडक पण मायाळू मेट्रन याच जातकुळीतल्या. शेकडो चित्रपटांच्या कारकिर्दीत अशा भूमिका मोजक्याच वाट्याला आल्या, याचा दोष ललिताबाईंचा नाही. सासू म्हणून त्यांच्यावर एकदा मारलेला शिक्का निर्मात्यांना सोयीचा होता, आणि १९८७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, दूरदर्शनच्या ‘रामायण’साठी त्यांना बोलावणे आले तेही मंथरेच्या भूमिकेसाठीच.