असं का? : जानेवारीचा पोरगा, डिसेंबरचा पोरगा

महाडच्या एखाद्या शाळेत चौदा वर्षांखालच्या बास्केटबॉल संघाची निवड बघा. सरांची नजर आधी उंच पोरावर जाते. तो अनेकदा वर्षारंभी जन्मलेला असतो. शालेय स्पर्धांत वय १ जानेवारीला धरून मोजतात. त्यामुळे जानेवारीचा आणि डिसेंबरचा पोरगा एकाच गटात, अंतर जवळपास वर्षाचं! भर वाढीच्या वयात मुलगा वर्षात ८-९ सेंटिमीटर वाढतो. निवडलेल्याला जिल्हा, मुंबई विभाग, राज्य अशा पायऱ्यांवर सामने मिळतात, सराव मिळतो, आणि फरक चक्रवाढ व्याजासारखा फुगतो. कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांत हे १९८५ साली दाखवलं गेलं. उशिरा वाढणारा मात्र पहिल्याच पायरीवर गळतो. क्रीडाशिक्षकांनो, निवडयादीत नावापुढे जन्ममहिनाही लिहा.